अक्काभोवतीचं कडं

टॉवरला वीज लागू नये म्हणून तार जिला टांगतात, ती चिनीमातीच्या बश्यांची माळ फुटली, तेव्हापासून विजेची तार घाडग्यांच्या घरानं धरली होती. टॉवरच्या हाताला शिवराम लटकलेला, त्याचे पाय धरून कौसल्या, तिचे पाय धरून हणमंत, आणि सगळ्यांत खाली थोरली मालनअक्का. आईमागं या तिघांना तिनंच वाढवलं, म्हणून तार तिच्याच पायांशी बांधलेली. त्यात नवल ते काय.

विजेचा भार मात्र सारखा नव्हता. शिवराम वर निवांत गाणी म्हणायचा आणि अक्काचं अंग चिनीमातीचं होत चाललं होतं. आज सकाळी तिच्या गालावर केसाएवढी चीर गेली.

“अक्का, दुखतंय का?” हणमंतानं विचारलं.

“छे रे. तू जेवलास का?”

आता हिला काय म्हणावं. हणमंत स्वतः लाइनमन, पण शहाण्यानं इथंच माती खाल्ली. माणसं वाढवली की भार वाटला जाईल, असं धरून त्यानं मावसभाऊ रघुनाथला वर चढवलं. मग रघुनाथच्या सासऱ्यांना. त्यांना उंचीची भीती, तरी आले बिचारे. वर गप्पांना नुसता ऊत आला. अक्काची चीर हनुवटीपर्यंत उतरली.

“हणम्या, वर गर्दी करून काय होणार? जो तारेजवळ, त्यालाच जास्त,” अक्का म्हणाली. “आणि माझ्या जागी येशील तर तुला चीर जाईल. ते मला बघवायचं नाही.”

तारेजवळच्या टोकाभोवती धातूचं कडं असलं की भार सगळ्या माळेत वाटला जातो, हे लाइनमन हणमंताला आत्ता आठवलं. त्याला दुसरं काही नको होतं, अक्का अखंड हवी होती. दिवेलागणीला तो अक्काला म्हणाला, “माझे पाय सोड, कौसल्येचे धर.” माणसं वाढली होती, एक कमी झालं तरी माळ पुरत होती.

तो खाली घसरला, अक्काभोवती वाकला आणि स्वतःचेच पाय हातांत धरून गोल झाला. तिला कुठंही न शिवता तो तिच्याभोवती तरंगत राहिला. त्याचं अंग कड्यासारखं गार आणि गुळगुळीत झालं.

वर शिवरामचं गाणं थांबलं. त्याच्या हातांना पहिल्यांदाच रग लागली.

“मुंग्या येतायत हो,” रघुनाथचे सासरे म्हणाले.

अक्कानं श्वास सोडला. चीर होती तिथंच थांबली.

“मला शिवू नको हं, शिवलीस तर वीज उडेल,” हणमंत म्हणाला. “मी नुसता भोवती राहतो.”

“बरं.”

पण भार उतरल्यानं कित्येक वर्षांनी अक्काचा एक हात मोकळा झाला होता. तो हणमंताच्या विस्कटलेल्या केसांकडं निघाला. बोटभर अंतर राहिलं, आणि त्या अंतरात निळा उजेड गुणगुणू लागला.