टेकडीपर्यंतचा चहा

रामाकोन्याजवळच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात गुणवंताने पाहुण्यांसाठी खोली बांधली, तेव्हा गावाला हसायला चांगला विषय मिळाला. "शहरातले माणसं पैसे देऊन तुह्या झाडाखाली झोपाले येतीन?" असं शेजारचा रामाजी येता-जाता विचारायचा. आज पहिले पाहुणे आले होते, तेही थेट फ्रान्सहून. क्लेअर आणि लूक, नवरा-बायको. तीन दिवस राहायचं ठरलं होतं.

संध्याकाळी भरीत-भाकर जेवून झाल्यावर क्लेअरने विचारलं, "इथे जवळपास पाहण्यासारखं काय आहे?"

सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी पुतणी प्रियंका दुभाषी म्हणून बसली होती. तिने प्रश्न मराठीत सांगितला आणि पुढे म्हणाली, "काही नसलं तर उद्याच वाघाच्या जंगलात जाऊ म्हणून राहिले, काका."

आतून गुणवंताची बायको, यमुनाकाकू ओरडल्या, "उद्या हे गेले, तर परवा त्या खोलीत खताच्या बोऱ्या भरीन मी!"

गुणवंताने डोकं खाजवलं. बगीचा होता, विहीर होती, म्हैस होती. पण रोजचं कोणी पाहायला जातं का? घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं, तसं त्याच्या तोंडून निघालं, "वाजणारा दगड! टेकडीवर आहे. ठोकला की घंटीवानी वाजते."

"मी तर कधी ऐकला नाही," प्रियंका म्हणाली.

"तू सांग ना त्याइले!"

प्रियंकाने सांगितलं. दगड फार जुना आहे, हेही वरून सांगितलं. दगड जुनाच असतो. त्यात खोटं काही नव्हतं. पाहुण्यांनी जंगल पुढे ढकललं.

टेकडीला दोन वाटा. कालव्याकाठची सरळ, दुसरी वस्तीतून. रामाजीला पाहुणे दाखवायचे म्हणून गुणवंता सकाळी वस्तीतून निघाला आणि तिथेच चुकला.

"माह्या दारावरून चहा न घेता जाता?" रामाजी आडवा आला. चहा झाला. आता एका घरी पाहुणा चहा प्यायला, तर शेजारच्या घराने काय पाप केलं? भिवाजीची बायको पदर खोचून दारातच उभी. "त्याइच्या घरचा गोड आन् आमच्या घरचा कडू काय, भाऊजी?" मग तिसरं घर रुसलं, मग चौथं. कुठे क्लेअरला पाट्यावर मिरची वाटायला बसवलं. ती डोळे पुसत, हसत वाटत राहिली. कुठे लूकने हौसेने कडब्याची पेंडी बांधली, तर म्हशीने ती त्याच्या हातातूनच खाल्ली. दिवस मावळला तेव्हा स्वारी वस्तीच्या मध्यावर होती.

"दगड?" लूकने विचारलं.

"उद्या," क्लेअर म्हणाली.

गुणवंताच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम वस्तीतूनच निघाला.

"कालव्यानं जा ना, लवकर पोचसान," यमुनाकाकू म्हणाल्या.

तो हळूच म्हणाला, "लवकर पोचून काय करू? लहानपणी मोठी पोरं सांगत, दगड वाजते म्हणून. मी ठोकू ठोकू थकलो, मले कधी वाजला नाही."

तोही दिवस चहात गेला. तिसऱ्या दिवशी मात्र वस्तीतली घरं संपली आणि समोर नुसती टेकडी उरली. गुणवंता चपलेत खडा गेल्यासारखा चढत होता. सोबत प्रियंका, आणि मागे रामाजी, गंमत पाहायला.

क्लेअरने दगडावर खडा मारला. थप्प. लूकने मारला. थप्प.

"काय रे गुणवंता," रामाजी म्हणाला, "तुह्या दगडाले सर्दी झाली काय?"

गुणवंताचे कान लाल झाले. ही गोष्ट आता सौंसरच्या बाजारापर्यंत जाणार होती. तेवढ्यात क्लेअरने दगडाला कान लावला, डोळे मिटले, पुन्हा खडा मारला आणि तोंडाने म्हणाली, "टन्न!" लूकही कान लावून म्हणाला, "टन्न!"

रामाजीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. मग कोणी पाहत नाहीसं पाहून त्यानेही कान लावला.

क्लेअर हसत प्रियंकाशी बराच वेळ बोलली. प्रियंका काकाच्या कानाशी येऊन, हसू दाबत सांगू लागली, "काका, हिच्या वडिलांचंही खेड्यात घर आहे, सुट्टीत भाड्यानं देतात. पाहुण्यांनी पाहायचं काय म्हणून विचारलं, की ते राणीची विहीर दाखवायला पाठवतात. राणी तिथं पाणी प्यायली म्हणे. त्या रस्त्यानं आजपर्यंत कोणतीच राणी गेली नाही! तुमचा दगड हिनं पहिल्याच संध्याकाळी ओळखला."

"मंग जंगलात काहून नाही गेले?"

"वाघ चहा पाजत नाही म्हणते. आणि अजून दोन दिवस राहतो म्हणते."

गुणवंता मटकन दगडावर बसला. "दोन दिवस! आता मी याइले काय दाखवू?"

प्रियंकाने विचारलं. क्लेअरने टेकडीखाली, बगीच्यातल्या त्याच्याच विहिरीकडे बोट दाखवलं.

गुणवंताने रामाजी ऐकत नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिले इचार, राणीनं नुसतं पाणी पेलं का आंघोळही केली? आत्ताच ठरवून घेऊ. हा रामाजी लय खोदून इचारते."