घरामागे एक हात

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. त्यामुळे राज्य या विषयावर माझ्यासमोर कोणी सैल बोललं की माझं डोकं तापतं. इसहाकला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मुद्दाम सैल बोलायचा.

आम्ही दोघं हिंगणा रोडवरच्या एकाच शाळेत मास्तर होतो. तो गणिताचा. मूळचा आर्वीकडचा, म्हणून त्याची वऱ्हाडी माझ्याहून अस्सल. हिंदी तो फक्त मशिदीत आणि बायकोशी भांडताना बोलतो. निवृत्तीनंतर आमचा अड्डा म्हणजे तर्री-पोह्यांची एक गाडी. तिथे रोज सकाळी एकच खटला चालायचा: इस्लामच्या आधारावर आजच्या काळात राज्य चालवता येतं का.

"काहून नाही येत?" तो म्हणायचा. "राज्य हुकमानं चालवाचं का मसलतीनं, एवढंच आमचा धर्म सांगते. मसलतीनं चालवा म्हणते. त्यालेच शूरा म्हणतात. खुर्ची किती पायाची कराची, ते ज्या त्या जमान्यानं पाहावं."

"अन् पहिल्या चार खलिफांनंतर काय झालं गा? बापामागे पोरगा बसला का नाही खुर्चीवर? तवा कुठी गेली होती मसलत?"

"ते माणसाइचं पाप हाय. धर्माचं नाही."

"मंग राज्य माणसंच चालवतात ना. फरिश्ते येतात का चालवाले?"

यावर तो आणखी तर्री मागवायचा. माझ्याजवळ याहून जड एक सवाल होता, तो मी सहसा काढत नसे. माझ्या वडिलांनी छप्पन साली याच नागपुरात लाखो लोकांसोबत जुना धर्म टाकला आणि बुद्धाचा धम्म घेतला. त्या दिवशी मान ताठ करून घरी आले, ती मरेपर्यंत ताठच राहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. एकदा रागाच्या भरात मी इसहाकला विचारलं, "माह्या बापाले धर्म सोडता आला म्हणून मी आज मास्तर हाय. तुह्या राज्यात सोडता येईन का?"

दोन दिवस तो गाडीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पोहे संपवले आणि म्हणाला, "मौलवी लोकाइचे जवाब मले पाठ हायेत. मले पटलेला अजून सापडला नाही. सापडला का सांगतो." म्हणून तो माझा मित्र आहे. तोंडावर खोटं उत्तर फेकणारे गावात पैशाला पासरी मिळतात.

हा इसहाक रहमतनगरच्या जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष होता. मशिदीची देखभाल, कबरस्तान, लग्नाचा हॉल, मोहल्ल्यातली भांडणं, सगळं त्याच्या गळ्यात. गुडघे गेले तेव्हा त्याने उतरायचं ठरवलं आणि शुक्रवारी सभा बोलावली. पुढचा सदर कोण, हे मोहल्ल्याने परस्पर ठरवूनच टाकलं होतं: त्याचा मुलगा जुनैद. मिहानमधल्या एका कंपनीत इंजिनियर, सभ्य, सगळ्यांचा लाडका. इसहाकलाही मनातून तेच हवं होतं. जुनैदला त्या जागेवर पाहिलं की आपण सुटलो, असं तो मला स्वतः म्हणाला.

मी बरा ही संधी सोडेन! "बापामागे पोरगा," मी म्हणालो. "इतक्या वर्साचा आपला खटला तू एका शुक्रवारी हारून राहिला इसहाक."

तो चिडला. "इलेक्शन होणार हाय. हात वर करून. अन् ते हात मोजाले तूच ये. सदरानं पोराले चोरून बसवलं, असं कोणी म्हणलं नाही पाहिजे."

तर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर मी जमातखान्यात हजर झालो. मशिदीला लागून असलेला हा साधा हॉल. मध्ये दोरीवर हिरवा पडदा. अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. पुरुषांसमोर, पडद्याला लागून मला खुर्ची दिली होती. एक बुजुर्ग कुरकुरले, "बाहर का आदमी गिनेगा?" इसहाक म्हणाला, "बाहर का है, इसीलिए." मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

तिथली रीत मला तिथेच कळली. घरामागे एक हात, आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाचा. बाया येतात, पडद्याआड बसून ऐकतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. आजवर कोणाला यात काही वावगं दिसलं नव्हतं. गणिताच्या मास्तरालाही नाही, हे विशेष.

इसहाकने जुनैदचं नाव पुकारलं. "और कोई नाम?" त्याने रिवाज म्हणून विचारलं. काही हात तर आधीच वर यायला लागले होते. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"सदरसाब, मेरे घर का हाथ कौन उठाएगा?"

आवाज मी ओळखला. तसनीम. आम्हा दोघांचीही विद्यार्थिनी, आता दवाखान्यात नर्स. वडील वारले, लग्न केलं नाही, आईला घेऊन राहते. करोनाच्या दिवसांत मय्यतीला खांदा द्यायला माणसं मिळत नव्हती, तेव्हा कबरस्तानची सगळी व्यवस्था या पोरीने उभी केली होती. मोहल्ल्यात असं घर नव्हतं ज्याच्या दारात ती तेव्हा उभी राहिली नव्हती.

"तुम्हारे चाचा हैं ना," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"चाचा अपने घर का उठाते. अब्बा गेल्यापासून आमच्या घरातून हात वर गेलाच नाही. मग अम्मी आणि मी या मोहल्ल्यात राहतो की नाही राहत?" पुढे आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "और दूसरा नाम मेरा लीजिए."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. "औरत सदर? नमाज कौन पढ़ाएगा?" एकाने विचारलं.

"नमाज इमामसाब पढ़ाते. सदर तो पंखे सुधरवाता है."

पुरुषांतलेच चारसहा जण हसले. वरचा पंखा बरेच दिवस करकरत होता, तेही एक कारण असावं.

मग सगळे इसहाककडे वळले. रीत ती रीत, एवढं जरी तो म्हणाला असता तरी जुनैद मिनिटात सदर झाला असता आणि कोणी ब्र काढला नसता. इसहाक मुलाकडे बघत होता. मी इसहाककडे बघत होतो. खरं तर माझी चांदी होती: तो घसरला की खटला माझा. पण मला माझंच नवल वाटलं. मला हरायचं होतं. हा माणूस माझ्यादेखत लहान होऊ नये, एवढंच मनात येत होतं.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. सभेतलं त्याचं बोलणं हिंदीत होतं, मी माझ्या मराठीत सांगतो. "दुसरे खलिफा हजरत उमर यांनी मदिनेच्या बाजारावर नजर ठेवायला शिफा नावाच्या बाईला नेमलं होतं, असं सांगतात. आपण मशिदीत अशी तकरीर, प्रवचनं ऐकतो, माशाअल्लाह म्हणतो, आणि इथे येऊन घरामागे एक हात मोजतो. मी मास्तर माणूस, मीही तोच हिशोब चालवला. हिशोब चुकला होता. घराला हात नसतात, माणसाला असतात. आज जो हाजिर, त्याचा हात."

"जुनैद का क्या?" बुजुर्गांनी विचारलं.

"त्याचाही एकच," इसहाक म्हणाला.

आता पंचाईत माझी. पडद्यापलीकडचे हात मला दिसणार कसे? एकाने सुचवलं, बायांनी आतल्या आत मोजून आकडा सांगावा. मी नकार दिला. न पाहिलेलं मत मी मोजत नाही, बाईचंही नाही आणि बुवाचंही नाही. मग पडदा काढा, असं एक पोरगं म्हणालं आणि नवा तंटा पेटायची लक्षणं दिसू लागली.

"सर," पडद्यामागून तसनीम म्हणाली, "आप ही गिनो. हम खड़े हो जाते."

आधी जुनैदचं नाव. पुरुषांचे भरपूर हात, पडद्यावरूनही काही. ते मी मोजले. मग तसनीमचं नाव पुकारलं. पुरुषांतून थोडे हात आले, बरेचसे तरुणांचे. आणि मग पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला, बाकीच्या बाया उभ्या राहिल्या आणि हिरव्या पडद्याच्या वर हात आले. मेंदीचे, पिठाचे, सुरकुतलेले, कंपनीत मशीनवर भाजलेले. चेहरा एकही नाही, नुसते हात. पस्तीस वर्षं मी फळ्यावर 'प्रौढ मताधिकार' लिहीत आलो. तो असा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातला एकेक हात मी मोठ्याने मोजला.

खांबाजवळचा एक हात मी ओळखला. दर ईदेला 'और लो भाईसाब' म्हणत माझ्या वाटीत शिरखुर्मा ओतणारा, इसहाकच्या बायकोचा, खातूनबींचा हात. मोजणाऱ्याने हात मोजावा, ओळखू नये. मी मोजला आणि पुढे गेलो. पण इसहाकनेही तो पाहिला होता.

तसनीम थोडक्या हातांनी निवडून आली. दोनतीन जण चपला घालून तडक निघून गेले, एकाने पुढच्या शुक्रवारी बघून घेऊ म्हटलं. जुनैदचा चेहरा उतरला होता, तरी तो पडद्याजवळ गेला आणि "मुबारक हो आपा" म्हणाला. ते म्हणताना त्याला कष्ट पडले, पण म्हणाला.

इसहाक माझा खांदा धरून घरापर्यंत चालला. वाटेत मी म्हणालो, "आजचा खटला तू जिंकला गा. मले तुहा अभिमान वाटते."

"मोहल्ला म्हणजे देश नाही धम्मानंद. तुहा मोठा सवाल अजून बाकी हाय."

"असू दे बाकी. आज कबूल करतो."

घरी खातूनबी आमच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी पाणी आणून दिलं. जुनैद खाटेवर बसला होता, आईकडे न बघता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"अम्मी, आपने भी उसी को?"

खातूनबींनी त्याच्या हातातला रिकामा गिलास घेतला. "बेटा तो तू मेराच है," त्या म्हणाल्या. "सदर सबका रहता."

इसहाक बायकोकडे बघत राहिला. जुनैद इंजिनियर झाला त्या दिवशी या माणसाने पेढे घेऊन सगळी शाळा पालथी घातली होती, पण त्याच्या तोंडावर एवढा अभिमान मी तेव्हाही पाहिला नव्हता.