फाटक आठ चौदाला उघडलं

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांनी तरुणपणी मला पोटभर शिव्या दिल्या आहेत. मी एक जुनं रेल्वे फाटक आहे. आता रुळांच्या कडेला गवतात आडवा पडलो आहे. अंगावरचे तांबडे-पांढरे पट्टे उडाले आहेत आणि माझ्या एका हातावर कुणीतरी चादरी वाळत घालतं. घालू देत बापडे, तेवढाच मी कामाला येतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी काय ऐटीत होतो! दोन लांब हात, त्यांचा तोल राखायला मुळाशी लोखंडी वजनं, आणि मला खाली-वर करायला एक मोठं चाक. रस्ता आणि रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे मला उभं केलं. रुळांच्या अलीकडे सगळी वस्ती. पलीकडे शाळा, टपाल कचेरी आणि साबणाचा कारखाना. म्हणजे लोकांची झोप इकडे आणि काम तिकडे. मधे मी. आता तुम्हीच सांगा, शिव्या दुसऱ्या कुणाला बसणार?

माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत माझे फाटकवाले राहायचे. बायको आणि एकुलती एक मुलगी, एवढाच संसार. दिवसातून शंभर वेळा ‘थांबा’ म्हणतात म्हणून सगळ्यांनी त्यांचं नाव थांबाकाका ठेवलं होतं. स्टेशनातून फोन आला की काका चाक फिरवून मला खाली घ्यायचे, कुलूप घालायचे, फोनवर ‘बंद केलं’ म्हणून सांगायचे आणि वहीत वेळ टिपायचे. मग स्टेशनमास्तर सिग्नल द्यायचे. त्यानंतर गाडी निघून जाईपर्यंत मोठ्यातला मोठा साहेब आला तरी कुलूप निघत नसे. पायी जाणाऱ्यालाही खालून वाकून जायची मुभा नव्हती. स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही.

सकाळी सात ते दहा नुसती झुंबड असायची. सायकली, हातगाड्या, डबे, पिशव्या. आधी दहा मिनिटं सगळे माझ्यावर तोंडसुख घ्यायचे. मग थकायचे आणि गप्पा मारू लागायचे. कुणी मटार सोलायचं, कुणी पोराचा राहिलेला गृहपाठ करून घ्यायचं. टपाल कचेरीतल्या कारकुनाचं लग्न तर माझ्यापाशीच जमलं. अडवल्याबद्दल मला शिव्या मिळाल्या आणि जमवल्याबद्दल आमंत्रण काही मिळालं नाही, ते सोडा.

पण उशीर तो उशीरच. शाळेतल्या एका बाईंच्या हजेरीवर सारखा लाल शेरा पडू लागला. एकदा त्या कावून काकांना म्हणाल्या, “तुमच्या फाटकापायी माझी रजा कापली जातेय. निदान लिहून तरी द्या.” काकांनी कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘फाटक बंद ९.४० ते ९.५२’, आणि खाली सही केली. मुख्याध्यापकांनी ती चिठ्ठी मानली.

झालं! गावभर बातमी गेली. रोज सकाळी मी वर उठलो की काकांपुढे रांग लागायची. काकांचा नियम एकच होता. वहीत असेल तेवढंच लिहायचं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. उशिरा उठलेले लोक लाडीगोडी लावायचे, “काका, पाचच मिनिटं वाढवा की!” काका म्हणायचे, “मिनिटं माझ्या घरची नाहीत.” म्हणूनच ती चिठ्ठी सगळीकडे चालायची. मला त्या चिठ्ठीचा फार अभिमान होता, मित्रांनो. कागद त्यांचा, पण खोळंबा माझा होता ना!

काकांची मुलगी साबणाच्या कारखान्यात वेष्टनं गुंडाळायच्या कामाला लागली. सहा महिने कच्ची नोकरी, मग कायम. अट अशी की तीन वेळा उशीर झाला तर घरी बसायचं. पंधरा दिवस उरले होते आणि तिच्या नावावर दोन उशीर लागले होते.

त्या दिवशी मी आठ दोनला बंद झालो आणि आठ चौदाला उघडलो. कारखाना तिथून दहा मिनिटांवर. तिची वेळ साडेआठची, म्हणजे ती आरामात पोचली असती. पण पलीकडे तिची मैत्रीण नवी कोरी सायकल घेऊन उभी होती. “एकच चक्कर,” असं म्हणत ती बसली. एकीच्या तीन झाल्या. मला वरून सगळं दिसत होतं, पण माझे हात फक्त खाली-वर होतात, कुणाला ढकलायला येत नाहीत.

दुपारच्या सुटीत ती धावत घरी आली. चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, “बाबा, आठ सव्वीसला उघडलं असं लिहा. नाहीतर आजच शेवटचा दिवस.” काका जेवत होते. घास हातातच राहिला. तिची आई म्हणाली, “आयुष्यभर दुनियेला लिहून दिलंत. पोरीसाठी एक आकडा बदलला तर काय आभाळ कोसळणार आहे?”

काकांनी हात धुतला. वहीत बघितलं. आणि चिठ्ठीवर ८.२६ लिहिलं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, घात बघा. त्याच कारखान्यातल्या बॉयलरवाल्याची पाळी सव्वाआठची असायची. त्यानं सकाळीच काकांकडून चिठ्ठी नेली होती. तीवर खरी वेळ होती, ८.१४. दोन्ही चिठ्ठ्या एकाच टेबलावर पोचल्या. तीच तारीख, तेच अक्षर, तीच सही. साहेब म्हणाले, यातली खरी कुठली? दोन्ही फेकून दिल्या आणि दोघांच्या नावावर उशीर लावला. कायम नोकरांनाही वर्षात तिसऱ्या उशिराला घरी बसवत, आणि बॉयलरवाल्याचाही तो तिसराच होता. त्याची अकरा वर्षांची नोकरी होती. शिवाय कारखान्याच्या फळ्यावर लिहिलं गेलं, ‘फाटकाच्या चिठ्ठ्या यापुढे चालणार नाहीत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरवाला आला. मला वाटलं, आता हा काकांची गचांडी धरणार. त्यानं आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, “काका, माझी चिठ्ठी खरी होती ना?”

काकांनी मान खाली घातली. म्हणाले, “तुझी खरी होती. खोटी मी माझ्या मुलीला दिली. दोन वाजता पाळी संपली की येतो आणि साहेबांना सांगतो.” बॉयलरवाला तसाच निघून गेला. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं. हातातली बादली खाली ठेवली, पायात चपला अडकवल्या आणि रूळ ओलांडून चालू लागली. काकांनी हाक मारली तरी तिनं मागे पाहिलं नाही.

अकराच्या सुमाराला मी मालगाडीसाठी बंद होतो. पलीकडे ती येऊन उभी राहिली. मालगाडी लांबलचक होती, संपता संपेना. डब्यांच्या फटींतून बापलेक एकमेकांना बघत होते. गाडी गेली, काकांनी मला वर घेतलं. ती आली आणि म्हणाली, “बाबा, मी साहेबांना सगळं सांगितलं. बॉयलरवाल्यांची नोकरी राहिली. तुमच्या चिठ्ठ्यासुद्धा चालतील. तुम्ही आता जाऊ नका.”

“आणि तुझी?” काकांनी विचारलं.

ती वाकून चपलेतली खडी झटकू लागली. काकांना काय करावं ते कळेना. सवयीनं त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, वेळ बघितली आणि कपट्यावर लिहायला लागले. तिनं त्यांचा हात धरला. “मला कशाला, बाबा? मला आता कुठं पोचायचंय?”

एवढे दणकट काका, पण माझ्या चाकाला धरून लहान मुलासारखे रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पलीकडून सायकलवाले घंट्या वाजवत येत होते, त्यांना काय ठाऊक!

पुढे वर्षभरानं तिला छापखान्यात काम मिळालं. काका आणखी आठ वर्षं माझ्याजवळ होते. मग रुळांवरून पूल झाला आणि मला काढून इथे टाकलं. पुलावरून गाड्या सुसाट जातात. कुणी थांबत नाही, कुणी मटार सोलत नाही, कुणाचं लग्न जमत नाही. मला त्या गर्दीची आठवण येते. शिव्यांचीसुद्धा येते.

मित्रांनो, मला रंग लावा, असं मी म्हणणार नाही. वाटेत कुणी तुम्हाला ‘थांबा’ म्हणालं तर त्याच्यावर चिडू नका, एवढं ऐका. आणि उशीर तुमच्यामुळे झाला असेल तर तो तुमच्याच नावावर घ्या. त्या मुलीनं घेतला. खरं सांगायला ती पूर्ण एक दिवस उशिरा गेली, पण त्या दिवशी तिनं माझं नाव सांगितलं नाही.