भागिरथीचा हिरवा पेला

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "साखर वाढलीय" म्हटलं, तेव्हा भागिरथीला आई आठवली. आईचा अंगठा काळा पडला होता, मग गुडघ्यापासून पाय कापला आणि पुढचा पोळा काही आईनं पाहिला नाही.

घरी आल्या आल्या तिनं नवऱ्याला सांगितलं, "आजपासून माझ्या चहात साखर न्हाई."

सूर्यभान हसला. शेतात सगळा ऊस, कारखान्याची सभासदाची साखर दर दिवाळीला पोत्यानं घरात. "सभासदाची बायको अन् फिका चहा? लोकं काय म्हनतील?"

"लोकांचा पाय कापायचा न्हाई, माझा कापायचाय."

कॉलेजात जाणाऱ्या माधुरीनं पेपरात वाचलं होतं की पालेभाज्यांचा रस चांगला असतो. मायलेकींनी नवा मिक्सर काढला. पहिल्या दिवशी मेथी आणि शेपू एकत्र फिरवलं. भागिरथीनं एक घोट घेतला आणि मोरीकडे धाव घेतली. माधुरी हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी नुसता पालक, तोही मातकट लागला. मग कधी काकडी घातली, कधी आवळा, कधी पुदिना. शेवटी पालक, कोथिंबीर, आवळा, आल्याचा तुकडा आणि पातळ ताक, एवढं जमलं. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. सकाळच्या भाकरीबरोबर मोड आलेली मटकी आली, गुळाच्या पोळ्या बंद झाल्या.

"गुरं तरी चारा दातानं चावत्यात," सूर्यभान म्हणायचा. ती पेला रिकामा करून धुवायला घ्यायची.

एका रविवारी त्याचा चुलतभाऊ कानिफनाथ चार पाहुणे घेऊन आला. भागिरथीनं सगळ्यांना चहा दिला. कानिफनाथनं तिच्यासाठीही एक कप भरला.

"वहिनी, आमच्या मानाचा एक घोट घ्या. आमच्याच उसाची साखर हाय."

"मला चालत न्हाई, भावजी."

"घे की एवढा," सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला. "पाहुन्यांसमोर शोभा करती काय?"

भागिरथीनं कप उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. आत गेली, हिरवा पेला भरून आणला आणि सगळ्यांसमोर, उभ्यानंच, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओठ पदरानं पुसले.

"झाला मान. आता बोला, कसं काय येणं केलं?"

 पाहुणे लवकरच उठले.

ते गेल्यावर सूर्यभाननं मिक्सर उचलून कपाटात घातला आणि कुलूप लावलं. "आता पी कसा पितीस ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाट्या-वरवंट्याच्या आवाजानं जागा झाला. अंगणात भागिरथी पाट्यापुढे बसली होती, मनगटापर्यंत हिरवी. घाम कपाळावरून गळ्यात उतरत होता.

"हात दुखंल," तो म्हणाला.

"हात हाय म्हनून दुखंल." तिनं वर पाहिलंही नाही.

पुढच्या तपासणीत साखर बरीच उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडू नका, बाकी असंच चालू ठेवा."  एसटीतून परत येताना ती खिडकीबाहेर बघत नुसती हसत होती.

त्या संध्याकाळी तिनं घरच्या सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा केला. सूर्यभाननं पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"अगं, हे काय पानी दिलं?"

"साखर डब्यात हाय, चमचा शेजारी हाय. मी माझ्या हातानं आता कुनाला घालनार न्हाई. तुमच्या वडलांनाबी हाच आजार हुता, इसरलात व्हय?"

 सूर्यभान उठला, डबा काढला, कपात चमचाभर साखर घातली आणि मुद्दाम खळखळ आवाज करत ढवळली. दुसऱ्या चमच्याला मात्र त्याचा हात डब्यावर जरा थांबला.

भागिरथी तोपर्यंत बाहेर पडली होती. विहिरीजवळच्या उसाची एक सरी तिनं आदल्या दिवशीच मोडून टाकली होती. तिथं पालक टाकायचा होता.