मावशींची तीन कोरी वाक्यं

मावशींच्या वहीत मी रिकाम्या जागा भरायला दिलेली वीस इंग्रजी वाक्यं होती. सतरा पूर्ण, तीन कोरी. सतरांपैकी सोळा बरोबर. एकात 'ही'पुढे 'हॅज'ऐवजी 'हॅव' पडलं होतं.

मावशी आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. दुसऱ्या दिवशी सहायकपदासाठी त्यांची इंग्रजीची परीक्षा होती आणि शिकवायचं मी अंगावर घेतलं होतं. नियम सोपा करून सांगितला होता: हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. काम आधी झालेलं, पण परिणाम आत्ता समोर असलेला. 'काल' आला की मात्र साधा भूतकाळ. 'आय हॅव वॉश्ड द फ्लास्क्स' म्हणजे फ्लास्क धुतलेत, या घडीला स्वच्छ आहेत.

कोऱ्या वाक्यांवर बोट ठेवून मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय मावशी, इथे पेन संपलं का?"

सूक्ष्मदर्शकावर काम करणारे काका हसले. मावशी खालमानेनं म्हणाल्या की त्या विमानात बसलेल्या नाहीत, समुद्र पाहिलेला नाही, पत्रही कधी कुणाला लिहिलेलं नाही. मग केलंय असं कसं लिहायचं? व्याकरणाला खऱ्याखोट्याशी घेणंदेणं नसतं, असं मी ऐटीत ऐकवलं. विमानाचं तिकीट कोण मागतंय, लिहा की, अशी काकांनी पुस्ती जोडली.

मावशींनी मुकाट्यानं तिन्ही वाक्यं भरली. मग आमची नोंदवही जवळ ओढली. परीक्षेत तिच्यातलं काहीतरी विचारतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. रोज सकाळी मी ज्याखाली सही करते, ते छापील वाक्य त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं: 'आय हॅव चेक्ड द मीटर.'

"ताई, हे एकदा करून दाखवा. म्हणजे उद्या लिहिताना हात अडखळणार नाही."

हा मीटर पाण्याचा आम्लांक, म्हणजे पीएच मोजतो; तो तपासायचा म्हणजे त्याची कांडी सात पीएचच्या प्रमाण द्रावणात बुडवायची. आकडा सात यायला हवा. मी कपाटातून बाटली काढली. झाकणावरचं सील शाबूत होतं. आधीची बाटली संपेपर्यंत आकडा रोज सातच यायचा, म्हणून ही मी उघडलीच नव्हती. आधीची संपून ही आली, त्याला कामाचे एक्केचाळीस दिवस झाले होते. तेवढ्याच माझ्या सह्या. रोज अकरा नमुन्यांचे अहवाल त्याच मीटरवरून जात होते.

सील मावशींनीही पाहिलं.

"नवीन आणलेली दिसतेय," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी मला सावरून घेतलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही मावशी. एक्केचाळीस दिवस मी न तपासता सही केलीय."

काका आपल्या भिंगाकडे वळले. मावशींनी एक चंचुपात्र धुतलं, पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी सील फोडलं, द्रावण ओतलं, कांडी बुडवली. आकडा स्थिरावायला दोन मिनिटं लागली.

६.३८.