बरणीवर तेल ओतण्याआधी

कल्पना करा, तुमच्या तळहातावर झाडावरून नुकतंच तोडलेलं एक हिरवं ऑलिव्ह आहे. बोराएवढं, टणक, तुकतुकीत. तोंडात टाकावंसं वाटतंय ना? टाकू नका. त्याच्यापुढे कारलंसुद्धा गोड वाटेल. आता तो तळहात अर्गिरोचा आहे असं समजा. ती दहा वर्षांची आहे. खाली समुद्र, मागे डोंगर, आणि मधल्या दगडी अंगणात तिची स्तामाता आत्या बुटक्या स्टुलावर बसली आहे.

ऑलिव्हची झाडं एका वर्षी भरभरून देतात आणि पुढच्या वर्षी हात आखडतात. हे वर्ष आखडलेलं होतं. आत्याच्या सगळ्या झाडांची मिळून एकच टोपली भरली. तिच्यावर नाताळाआधीचा लांबलचक उपवास काढायचा होता. त्या दिवसांत घरात मांस नाही, चीज नाही. पाव, कांदा, उकडलेला पाला आणि ऑलिव्ह. ते नासले तर नुसता पाव आणि कांदा.

दोघींनी एकेक फळ दगडाने अलगद ठेचलं होतं, आतली बी न फोडता. मग रोज पाणी बदलून कडूपणा काढला होता. आता उरलं होतं मिठाचं पाणी. मीठ आत्या किनाऱ्यावरच्या खडकांच्या खळग्यांतून खरवडून आणायची. ते कधी कडक निघे, कधी सौम्य, म्हणून मुठी मोजून भागत नसे. घंगाळातल्या पाण्यात थोडं मीठ विरघळवून ताजं अंडं सोडायचं आणि ते तळाशी असेल तोवर मीठ घालत राहायचं. अंडं वर आलं, नाण्याएवढा गोल पाण्याबाहेर दिसला, की मीठ पुरे.

चाखून का नाही बघत, असं अर्गिरोने विचारलं.

"सकाळपासून कडू फळं चाखून जिभेचं लाकूड झालंय माझ्या," आत्या म्हणाली. "अंडं खोटं बोलत नाही. जा, आजचं ताजं घेऊन ये."

हे काम अर्गिरोला पहिल्यांदाच मिळत होतं. मागच्या वर्षी तिने हट्ट केला, तेव्हा शेजारची थोदोरा मावशी कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाली होती, ही अंडं आणणार? वाटेतच ऑम्लेट होईल त्याचं.

आणि आज झालंही तसंच. खुराड्याच्या उंबऱ्यावर अंडं हातातून निसटलं आणि फुटलं. मागे एकच उरलं होतं, कोळशाने फुली मारलेलं. कोंबड्यांनी दुसरीकडे कुठे न जाता तिथेच अंडी घालावीत म्हणून ते कित्येक आठवडे घरट्यात तसंच ठेवलेलं होतं. त्याला हात लावायचा नाही, असा आत्याचा दंडक होता. अर्गिरोने इकडेतिकडे पाहिलं. अंडं ते अंडंच, असं तिने मनाशी म्हटलं आणि फ्रॉकच्या टोकाने फुली पुसून टाकली.

गरम आहे का, असं आत्याने विचारलं. आहे, असं ती म्हणाली. कोंबडी त्याच्यावर बसून होती, त्यामुळे ते गरम होतंच.

आत्याने जेमतेम मूठभर मीठ विरघळवून अंडं सोडलं, तर ते लगेच वर तरंगायला लागलं. आत्या बघतच राहिली.

"यंदा तुझं मीठ कडक निघालं, स्तामाता," भिंतीवरून थोदोरा मावशी म्हणाली. "बघ ना, कसं पोट वर करून पडलंय, आमच्या नवऱ्यासारखं."

आत्या हसली. मिठाची पिशवी घरात ठेवून आली, ऑलिव्ह बरणीत भरले, लिंबाच्या फोडी आणि बडीशेपेच्या काड्या घातल्या आणि वरून ते पाणी ओतलं. घंगाळात थोडं उरलं. पोरीचा हात गुणाचा आहे, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "हे अंडं ठेवून ये. तेलाचा थर दिला की उपवासापर्यंत बरणी उघडायची नाही."

परत ठेवण्याआधी अंड्यावरचं मीठ धुवावं म्हणून अर्गिरोने ते कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात बुडवलं. ते बुडेना. तिने बोटाने खाली दाबलं. बोट काढताच ते पुन्हा वर आलं.

त्या पाण्यात मिठाचा कणही नव्हता.

 कोपऱ्यातली कोंबडी ओरडत उठली, तिच्याखाली आत्ताच घातलेलं अंडं होतं. अर्गिरोने तेही पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं. म्हणजे मघाचं अंडं मिठाने वर आलंच नव्हतं. जुनं झालं की अंडं आतून पोकळ होतं, ते आपोआपच तरंगतं.

कोळसा खुराड्याच्या फटीतच होता. पुन्हा फुली मारली, अंडं जागेवर ठेवलं, तर कुणाला कळणार होतं? कमी मिठात ऑलिव्ह नासले असते, वर बुरशी आली असती आणि आत्याने खडकावरच्या मिठाला बोल लावला असता. तिने कोळसा उचलला. मग खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

अंगणातून आत्याची हाक आली, झाकण धरायला ये.

अर्गिरो दोन्ही हातांत एकेक अंडं घेऊन दारात आली. आत्याने तेलाचा डबा बरणीवर कलता केला होता.

"आत्या, थांब."

"का गं?"

"खुराड्यात भूत दिसलं वाटतं," थोदोरा मावशी म्हणाली. 

 अर्गिरो घंगाळापाशी गुडघ्यांवर बसली आणि ताजं अंडं उरलेल्या पाण्यात सोडलं. ते तळाला जाऊन आडवं पडलं. आत्याने डबा सरळ केला. तेलाचा थेंब डब्याच्या काठावर लोंबत राहिला.

"मग मघाचं कुठलं होतं?" तिने हळूच विचारलं.

"घरट्यातलं, ठेवलेलं. ताजं माझ्या हातून फुटलं होतं. फुली मीच पुसली."

  अर्गिरोने मान वर केली नाही. तिने जुनं अंडं बाजूला ठेवलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही हातांनी जड बरणी कलती केली आणि एकही ऑलिव्ह निसटू न देता सगळं पाणी परत घंगाळात ओतायला लागली.