ध्येयाचा तास

नववीच्या सगळ्या तुकड्या सभागृहात कोंबल्या होत्या. मुलांना आयुष्याचं ध्येय सापडावं म्हणून शाळेने एक व्याख्याते बोलावले होते, आणि त्यांनी आतापर्यंत निम्मी मुलं रडवली होती.

"डोळे मिटा," माइकवरून आवाज आला. मागे रडकं संगीत लावलेलं. "तुमचे बाबा डोळ्यांसमोर आणा. दमलेले, तुमच्यासाठी झिजलेले. उद्या ते नसतील. कशाने खचले ते? तुम्हाला ध्येय नव्हतं, त्याने."

भूगोलाच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलं पाठीमागे त्यांना नकाशाबाई म्हणायची. त्यांची नजर तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर खिळली होती. तिचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिने डोळे मिटलेच नव्हते. खुर्चीची कड घट्ट धरून ती समोर बघत होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा स्टेजवर चढल्या आणि त्यांनी माइकची वायर उपसली.

"डोळे उघडा," त्या मुलांना म्हणाल्या. "चला वर्गात."

जिन्यापाशी त्या मुलीने त्यांना गाठलं. बाईंना वाटलं, पोर आता गळ्यात पडून रडणार.

"तुम्ही कशाला मध्ये पडलात?" मुलगी म्हणाली. "मीच उठणार होते. आता सगळे म्हणतील, बिचारीसाठी बाईंनी बंद केलं."

बाईंना हे चांगलंच झोंबलं, कारण पोरीचं खरं होतं.

"दुपारी आठवीला हेच आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे आठवीत. तो अजून बाबांचा शर्ट उशाशी घेऊन झोपतो."

"मग चल. तू बोल, मी तोंड उघडणार नाही."

मुख्याध्यापकांच्या खोलीत व्याख्याते चहात बिस्कीट बुडवत होते. "पाहुण्यांसमोर शाळेचं नाक कापलंत, बाई," मुख्याध्यापक कडाडले. बाईंनी मुलीला पुढे केलं.

"माझे बाबा आजारी होते," मुलगी व्याख्यात्यांना म्हणाली. "मला ध्येय नव्हतं म्हणून नाही गेले."

"अगं बाळ, मी तुझ्याबद्दल थोडंच बोलत होतो? रडलं की मन मोकळं होतं. मुलं नंतर आभार मानतात माझे."

"माझ्या भावाला रडवायचं नाही."

"कार्यक्रम होणारच," मुख्याध्यापक म्हणाले. "तू वर्गात जा."

ती गेली नाही. मधल्या सुट्टीनंतर ती सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिली. आठवीची रांग आली तशी ती मोठ्याने म्हणाली, "आत आईबाबा मेलेत असं समजायला लावतात. नको असेल तर जाऊ नका." भावाचा दंड धरून तिने त्याला बाजूला ओढलं. त्याच्यामागून दोघं सरकले, मग रांगच फुटली. पीटीचे सर ओरडत धावले. नकाशाबाई निमूटपणे येऊन मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या, तसे ते थबकले.

मूठभर मुलांपुढे व्याख्यात्यांनी कसंबसं आटोपलं आणि कुणाचा निरोप न घेता ते गाडीत बसले.

मुख्याध्यापक लालबुंद होऊन दारात आले. "बाई, उद्या संचालकांपुढे जाब द्यायचाय तुम्हाला."

"देते. मलाही बरंच विचारायचंय त्यांना."

"मीपण येणार," मुलगी म्हणाली.

"तुला कुणी बोलावलंय?" मुख्याध्यापक खेकसले.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि भावाला घेऊन वर्गाकडे निघाली.